जुन्या ॲम्बेसेडरला घरी सुपरचार्जर बसवायचाय? आधी आपल्या उन्हाचा हिशोब करा

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्याच भोवती फिरणार आहे. सुपरचार्जर बसवणं म्हणजे पुली, बेल्ट आणि ब्रॅकेटचं काम असं सगळ्यांना वाटतं, पण आपल्या खान्देशात ते मुळात उष्णतेचं काम आहे. ब्लोअर, म्हणजे हा सुपरचार्जरच, इंजिनच्या बेल्टवर फिरून आत जादा हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं तसंच हे. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून तुम्ही सेटिंग उचलता ते असतं पंधरा-वीस डिग्रीतल्या हवेचं, आणि आपण राहतो जळगाव-भुसावळकडे जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तेच सेटिंग इथे लावलं की इंजिन जातं.

माझं गेलंय, म्हणून एवढं सांगतोय. डिसेंबरात सकाळी अंगात स्वेटर घालून मी ट्यूनिंग केलं, गाडी छान पळायला लागली, चार महिने काहीच तक्रार नाही. एप्रिलच्या शेवटी चाळीसगावकडून कन्नड घाट चढत होतो, दुपारचे अडीच वाजलेले, गाडीत चौघं, तिसऱ्या गिअरला पाय दाबलेला, आणि बॉनेटखालून लोखंडी डब्यात हरभरे हलवावेत तसा बारीक खडखड आवाज यायला लागला. मला वाटलं टॅपेट वाजतायत, घाट संपला की बघू. दोन वळणं पुढे गेलो तेवढ्यात आरशात निळा धूर. हेड उघडलं तेव्हा तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांच्या मधली कड तुटून पडलेली होती आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नखात अडकेल अशी उभी रेघ. आवाज सुरू झाल्यापासून धूर दिसेपर्यंत दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्या आवाजाला नॉकिंग म्हणतात, पेट्रोल करंटच्या (प्लगच्या ठिणगीच्या) आधी किंवा वेडंवाकडं पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. तो कसा टाळायचा हेच या लेखात मुख्य आहे.

आता गाडी कुठली ते बोलू. हे सगळं मी ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल लिहितोय, १४८९ सीसी, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. १९५७ साली गाडी सुरू झाली तेव्हा आत साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, १९५९ पासून हे वरच्या व्हॉल्व्हचं आलं. तुमची डिझेल असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. इसुझूचं १८०० वालं इंजिन असेल तर त्याचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा कितीपट दाबतो ते) मुळातच जास्त आहे, बूस्ट, म्हणजे ब्लोअरने आणलेला जादा दाब, आणखी कमी ठेवावा लागेल. पद्मिनीवाल्यांनी तत्त्वं हीच धरावी, आकडे मात्र स्वतःचे काढावे.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो, कारण हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर असलेला आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. म्हणजे काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा, नाहीतर अपघात झाला तर क्लेम अडकेल. परवानगी नसेल तर गाडी खाजगी जागेतच चालवा. मी त्या घाटात गेलो तेव्हा यातलं काहीच विचारलेलं नव्हतं, ती माझी चूकच. आणखी एक, २०२१ पासून ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो. तुमच्याकडे अशी अस्सल, काही न बदललेली गाडी असेल तर माझा हात जोडून सल्ला, तिला हात लावू नका, कामासाठी दुसरी गाडी शोधा. अस्सल गाड्या आता परत होणार नाहीत.

पायरी १: इंजिन ठोकून-वाजवून बघा

आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्तरी आबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आधी इंजिन देख भो, मंग बाकीनं." मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका.

चारही प्लग काढा, इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा. या इंजिनला १२० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास आलं तर ठीक, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे चौघांमधला फरक दहा टक्क्यांच्या वर नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा, वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. ऑइल प्रेशर गरम इंजिनला चालत्या स्पीडला ५० पीएसआयच्या जवळ पाहिजे. हे इंजिन तीन मेन बेअरिंगचं आहे, क्रँकला आधार कमी, म्हणून बेअरिंग ढिली असतील तर ब्लोअरचा विचारच सोडा, आधी ओव्हरहॉल करा. खरं सांगायचं तर बहुतेक लोकांचा जास्त पैसा इथेच जातो, ब्लोअरवर नाही.

देशात शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि जुन्या सीटा झिजायच्या वाचायच्या त्या शिशामुळेच. हेड त्याच्या आधीचं असेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा बदललेल्या नसतील तर हेड खाली आलंच आहे तर कडक सीटा बसवून घ्या, जुन्या सीटा बूस्टवर आणखी लवकर झिजतात.

पायरी २: खरं कॉम्प्रेशन मोजा, ऐकीव आकडा धरू नका

हे काम नवीन लोक हमखास सोडतात, म्हणून सावकाश सांगतो. पुस्तकात या इंजिनचं कॉम्प्रेशन सात-साडेसातला एक असं असतं आणि ब्लोअरला ते फार चांगलं, कमी कॉम्प्रेशनमध्ये दाबायला जागा असते. पण तुमची गाडी चाळीस वर्षांत चार वेळा तापलेली असते, आणि दर वेळी लेथवाल्याने हेड फेस मारून थोडं थोडं खरडलेलं असतं. हेड खरडलं की पिस्टनच्या वरची, पेट्रोल पेटायची खोली लहान होते आणि कॉम्प्रेशन गुपचूप वाढतं.

मोजायचं असं. हेड उलटं करून सपाट ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवलेले असू द्या, खोलीच्या कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची जाड काच दाबून बसवा, काचेला एक छोटं भोक पाडलेलं हवं. मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज आणा, रंगीत रॉकेल भरा आणि भोकातून सोडत राहा, बुडबुडा एका कोपऱ्यात जमतो, हेड किंचित तिरकं केलं की तो भोकापाशी येऊन निघून जातो. किती एमएल गेलं ते लिहा. त्यात पॅकिंगच्या जाडीची जागा आणि पिस्टन वरच्या टोकाला असताना वर उरलेली जागा मिळवा.

एका सिलिंडरची क्षमता १४८९ भागिले चार म्हणजे ३७२ सीसी. एकूण खोली ६० सीसी आली तर ३७२ भागिले ६० अधिक १, म्हणजे ७.२. खरडून खरडून तीच ५२ सीसी झाली असेल तर झालं ८.१५. आता ५ पीएसआय बूस्ट दिला तर ढोबळ हिशोबाने त्याला १.३४ ने गुणा, पहिल्याचं होतं साधारण ९.६ आणि दुसऱ्याचं जवळपास ११. पहिलं पंपावरच्या पेट्रोलवर नीट चालेल, दुसरं मे महिन्यात फुटेल. वाहनं दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. आठच्या वर आलं तर जाड हेड पॅकिंग टाका किंवा बूस्ट ३ पीएसआयवर थांबवा.

पायरी ३: ब्लोअर कुठला आणि केवढा

आपल्याला पाहिजे रूट्स प्रकारचा. आत दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा पुढे ढकलतात, बस एवढंच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारच नव्हती, भट्टीला हवा मारायला ते मशीन वापरायचे. टर्बोपेक्षा (तो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो) यात डोकं कमी लागतं, तेलाची लाइन नाही, एक्झॉस्ट तोडायचा नाही, आणि खालच्या आरपीएमपासून ओढ मिळते, ॲम्बेसेडरला तीच शोभते.

१५०० सीसीला ईटन कंपनीचा एम४५ बरोबर बसतो. हा २००० च्या दशकातल्या मिनी कूपर एसमध्ये यायचा, मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर नावाच्या गाड्यांतही ईटनचेच ब्लोअर असायचे, त्यामुळे मुंबईला कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात चिकाटीने फिरलात तर हाताला लागू शकतो. टोयोटाचा एससी१२ मिळाला तर तोही चालेल. घेताना काय बघायचं तर पुली हाताने फिरवा, गुळगुळीत फिरली पाहिजे, खरखर नको. शाफ्ट वर-खाली हलवून बघा, हललं तर बेअरिंग गेलंय. तोंडातून टॉर्च मारून रोटर बघा, त्यावर काळपट कोटिंग असतं, ते सोललेलं असेल किंवा रोटर बाहेरच्या कवचावर घासल्याच्या चकचकीत रेघा असतील तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. ब्लोअरच्या नाकातलं, म्हणजे पुलीकडच्या पुढच्या भागातलं, तेल बदला, त्याला खास सिंथेटिक तेल लागतं, गिअर ऑइल ओतू नका.

आता पुलीचा हिशोब. चार-स्ट्रोक इंजिन एका फेरीत अर्धीच क्षमता ओढतं, म्हणजे ७४५ सीसी, आणि प्रत्यक्षात त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के, धरा ६१०. एम४५ एका फेरीत ७३७ सीसी ढकलतो, त्यातलं थोडं आतल्या आत गळतं, हाताशी येतं सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे दोघं एकाच स्पीडने फिरले तर बूस्ट जवळपास शून्य. ब्लोअर सव्वापट फिरवला की मिळतं ७८० च्या घरात आणि बूस्ट साधारण ५ पीएसआय. क्रँकवर १३० एमएमची पुली आणि ब्लोअरवर १०४ ची, झालं सव्वा. इंजिन ५००० ला असताना ब्लोअर ६२५० ला, त्याच्या ताकदीच्या निम्म्याहून कमी, निवांत. ब्लोअरची पहिली पुली मात्र मोठी करून घ्या, ११५ एमएमची, कमी बूस्टवर सुरुवात करायची, पुली लेथवर कधीही छोटी करता येते.

फायदा किती? ५०-५५ हॉर्सपॉवरची गाडी ६५-७० पर्यंत जाते, ब्लोअर स्वतः फिरायला चार-पाच खातो ते वजा जाता. कमी वाटेल, पण घाटात दुसऱ्या गिअरचं वळण तिसऱ्यात निघतं. यापेक्षा जास्त मागू नका, तीन बेअरिंगच्या क्रँकला ते झेपणार नाही.

पायरी ४: कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी ठेवा

दोन पद्धती असतात, कार्ब ब्लोअरच्या आधी किंवा नंतर. घरी करणाऱ्याने आधीच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. एकतर कार्बला दाब सोसावा लागत नाही, गाडीतला पेट्रोल पंप आहे तोच चालतो. आणि दुसरं, जे आपल्याला जास्त कामाचं, पेट्रोल ब्लोअरमधून जाताना उडतं आणि उडताना हवा थंड करतं, अंगावरचा घाम वाळला की गार वाटतं तसं. आकडे बघा, ४५ डिग्रीची कोरडी हवा रूट्स ब्लोअरने ५ पीएसआयला दाबली तर ती साधारण ९५ डिग्रीला जाते. डिसेंबरच्या सकाळी १२ डिग्रीची असेल तर ५७. या अडतीस-चाळीस डिग्रीच्या फरकात माझा पिस्टन गेला. त्या ९५ मधून पेट्रोल उडून जेवढं खाली आणेल तेवढं आपलं. बदल्यात इंटरकूलर लावता येत नाही, पेट्रोल-हवेचं मिश्रण त्यात साचून पेट घेऊ शकतं, तो मोह टाळा.

गाडीवरचा मूळ कार्ब लहान पडतो. पावणेदोन इंची एसयू कंपनीचा कार्ब घ्या, एचएस६ किंवा एचआयएफ४४. इंग्लंडमध्ये एमजीबी गाडीला लोक ईटन ब्लोअर आणि असाच एसयू लावतात, आणि ते इंजिन आपल्याच बी-सिरीजचं थोरलं भावंड आहे, त्यामुळे कार्बमधली पेट्रोल मोजणारी सुई निवडताना तिकडचा अनुभव कामी येतो. कार्बची स्प्रिंग लाल रंगाची टाकून सुरुवात करा आणि सुई जाड मिक्स्चरवाली, म्हणजे पेट्रोल जास्त देणारी. कार्ब आणि ब्लोअरच्या मध्ये पाइप अगदी आखूड, पेट्रोल साचेल असा खड्डा कुठे नको.

सगळ्या पंपांवर आता इथेनॉलवालं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात, म्हणून टाकीपासून कार्बपर्यंत सगळी नळी नवीन, इथेनॉल सोसणारी. आणि इथेनॉलवालं पेट्रोल तेवढ्याच हवेला जास्त सोडावं लागतं, म्हणून जुन्या पुस्तकातल्या जेट-सुयांपेक्षा थोडं जाडच लागणार.

पायरी ५: ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, बेल्ट

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. म्हणजे तुमचा ब्लोअर बरोबर लाल होणाऱ्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसणार. जागा आधी पुठ्ठा कापून बघा, बॉनेट बंद होतं का बघा, मगच लोखंड कापा. ब्लोअर आणि एक्झॉस्टच्या मध्ये दोन एमएम ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडून हवा खेळेल असं अंतर ठेवून. मूळ मॅनिफोल्डमध्ये कार्बच्या खाली इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना चिकटलेले असतात, थंड देशात मिक्स्चर गरम व्हावं म्हणून, आपल्याला त्याची गरज नाही, दोन्ही वेगळे करून घ्या.

ब्रॅकेट १२ एमएमच्या एमएस प्लेटचा, त्रिकोणी आधार देऊन. जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याला कुठल्याही बऱ्या लेथवर हे होतं, ड्रॉइंग मात्र तुम्ही द्या, तोंडी सांगू नका. इनटेकचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंगवाल्याकडे, आणि वेल्डिंगनंतर फेस मारून घ्यायचाच, कारण तापून पत्रा वाकतो आणि मग पॅकिंगमधून हवा घेतो, हवा घेतली की मिक्स्चर पातळ आणि पातळ मिक्स्चर म्हणजे परत नॉकिंग.

बेल्ट साधा फॅन बेल्टवाला व्ही नको, सहा बारीक नाळ्यांचा घ्या, त्याच्यावर ६पीके १२०० असं लिहिलेलं असतं, सहा नाळ्या आणि लांबी १२०० एमएम. लांबी काढायला सुतळी पुल्यांवरून फिरवा, टेन्शनर मधोमध ठेवून, खूण करा, सरळ करून मोजा. टेन्शनर ढिल्या बाजूला, ओढणाऱ्या बाजूला नाही. ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा किमान अर्धा विळखा पाहिजे. पुल्या एका रेषेत आहेत का ते लांब सरळ पट्टीने बघा, एक एमएमपेक्षा जास्त फरक चालणार नाही, नाहीतर कडेने काळी पूड पडायला लागते आणि आठवड्यात बेल्टची एक नाळी निघून येते.

मॅनिफोल्डवर स्प्रिंगवाला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचाच. या पद्धतीत ब्लोअर आणि मॅनिफोल्ड पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेले असतात, इंजिनने उलटा फटाका मारला तर तो दाब कुठेतरी गेला पाहिजे. ८ पीएसआयच्या आसपास उघडेल अशी स्प्रिंग ठेवा आणि तोंड ड्रायव्हरकडे किंवा वायरिंगकडे नको. गाडीत २ किलोचा आग विझवायचा सिलिंडर, सीटजवळ, डिकीत नाही.

ब्रेकला बूस्टर असेल तर त्याच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह, नाहीतर बूस्ट ब्रेकमध्ये जाईल. इंजिनचा ब्रीदर मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर तोडा, डबा लावून मोकळा सोडा. ॲक्सिलरेटरला दोन रिटर्न स्प्रिंगा, एक तुटली तरी दुसरी ओढेल. एअर फिल्टर बॉनेटखालची भट्टीतली हवा ओढायला नको, पुढच्या जाळीपासून पाइप आणा.

पायरी ६: करंट आणि टायमिंग

डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट हलत असेल तर आधी तो नीट करा. आतली वजनं आणि स्प्रिंगा झिजलेल्या असतात, ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, मनाला येईल तसं होतं. स्ट्रोब लाइटने फुल ॲडव्हान्स बघा आणि दर एक पीएसआय बूस्टला एक डिग्री मागे या, म्हणजे ३२ असेल तर २६-२७. व्हॅक्यूमची नळी कार्बवरच ठेवा, तिथे बूस्ट पोचत नाही. प्लग एक नंबर थंड घ्या, लक्षात ठेवा एनजीकेत नंबर मोठा म्हणजे थंड आणि बॉशमध्ये उलटं. गॅप ०.६ एमएम, बूस्टमध्ये मोठ्या गॅपवरून करंट उडी मारत नाही आणि मिसिंग होतं.

पायरी ७: थंड ठेवायची सोय

रेडिएटर नवीन जाळीचा भरून घ्या, शक्यतो चार ओळींचा, फॅनभोवती पत्र्याचं कवच, आणि नुसतं बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याने दोन उन्हाळ्यांत जाळ्या बुजतात. जुने ड्रायव्हर मे महिन्यात इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं बांधायचे, कारण पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडायची. ब्लोअर लावल्यावर बॉनेटखाली आणखी गरम होतं, म्हणून पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, तिच्यावर उष्णतारोधक कापड चढवा.

पायरी ८: पहिल्यांदा सुरू करताना

पहिल्यांदा बेल्ट न लावता इंजिन चालेल का असं विचारतात, नाही चालणार, ब्लोअर थांबलेला असेल तर हवा वाट शोधत बसते. बेल्ट लावा, पण आधी प्लग काढून इंजिन हाताने चार फेऱ्या फिरवा, कुठे अडत नाही ना. मग प्लग लावून सुरू करा आणि एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा ठेवा. साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर लावा, रेस केल्यावर बुडबुडे दिसतील तिथे गळतंय.

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा, बसवायला लाजू नका, सगळ्यात चांगला खर्च हाच. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, पाणी साचणार नाही असा. शेजारी बूस्ट गेज. पूर्ण पाय दाबल्यावर मिक्स्चर १२ च्या जवळ (१२ भाग हवेला एक भाग पेट्रोल) पाहिजे, १३ कडे जाताना दिसलं की पाय काढा. पहिले काही दिवस बूस्ट येईल असा पाय दाबायचाच नाही, नुसतं फिरवा, बोल्ट परत आवळा, बेल्ट परत ताणा.

पायरी ९: वैशाखात ट्यून करा

माझं मुख्य म्हणणं हेच. शेवटचं ट्यूनिंग एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन ते चार, इंजिन आणि बॉनेट दोन्ही पूर्ण तापलेले असताना करा. पुण्याला डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या मशीनवर, नेता आली तर उत्तम. नाहीतर उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपलेला असतो, एखाद्या ओळखीच्या जिनिंगचं मोठं पटांगण किंवा शेतातला स्वतःचा रस्ता बघा. मोठी पुली, टायमिंग दोन डिग्री जादा मागे, मिक्स्चर जाड, इथून सुरुवात. काच खाली, पंखा बंद, रेडिओ बंद, शेजारी एकाला नुसतं गेज वाचायला बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारापासून पूर्ण पाय, पाच-सहा सेकंद, बस. हरभऱ्याचा आवाज आला की लगेच पाय काढा, टायमिंग मागे घ्या किंवा जास्त पेट्रोल देणारी सुई टाका. आवाज नाही आला तरी प्लग काढून भिंगाने बघा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके किंवा चांदीचे बारीक मणी दिसले तर आत पिस्टन वितळायला लागलाय, कानाला ऐकू येण्याआधीच. चारही प्लग वेगळे वाचा, या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरना एकच इनटेक पोर्ट आहे आणि जोडीतल्या दोघांना मिक्स्चर सारखं मिळत नाही. सगळ्यात पातळ सिलिंडर बघून सेटिंग ठरवा, सरासरी काढू नका.

मेमध्ये असं जमलं की हिवाळ्यात थंड, दाट हवेमुळे मिक्स्चर उलट थोडं पातळ होईल, वाइडबँडवर नजर ठेवा, पण थंड हवेत नॉकिंग लांब राहतं म्हणून टायमिंग वाढवायचा मोह होईल. वाढवू नका, तुमची गाडी परत एप्रिलमध्ये जाणारच आहे.

पायरी १०: पुढची निगा

दर हजार किलोमीटरला बेल्ट, ब्रॅकेटचे बोल्ट आणि प्लग बघा. ऑइल तीन हजारला बदला. मोबाइलला जोडायचा छोटा बोरस्कोप कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो, तो प्लगच्या भोकातून घालून वर्षातून एकदा पिस्टनचे माथे बघत जा, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बमधलं पेट्रोल रिकामं करा, इथेनॉल ओल धरतं. बेल्ट ढिला सोडा, आणि आठवड्यातून एकदा ब्लोअरची पुली हाताने दोन-चार फेऱ्या फिरवा, फिरवताना कान जवळ ठेवा.